कड खाली येईपर्यंत

तपासणीच्या टेबलावर एकोणीस पोशाख होते. अठरा स्कर्टचे आणि एक पँटचा. स्कर्टपैकी सात निळ्या छटांचे, चार लाल, तीन काळे, दोन पांढरे, एक पिवळा, आणि एक असा की त्याला नक्की कोणत्या रंगाचा म्हणावं हे दोन ट्यूबलाइटांखाली ठरेना. नऊ स्कर्ट माझ्या आईने शिवलेले. एकाची पाठीची चेन अर्ध्यात अडकत होती. पँट काळी, घोट्यापर्यंत, ताणल्या जाणाऱ्या कापडाची, आणि तिच्याबरोबर लांब बाह्यांचा गडद हिरवा टॉप. स्टीलची पट्टी एकच होती आणि ती स्केटिंग संघटनेच्या सेक्रेटरीबाईंच्या हातात होती. मी वही घेऊन शेजारी उभी होते. बाई प्रत्येक स्कर्ट पालथा करत, कमरेच्या शिवणीवर पट्टीचा शून्य टेकवत आणि कडेपाशी येणारा आकडा मोठ्याने सांगत. बावीस. साडेतेवीस. बावीस. एकवीस पूर्णांक आठ, "चालेल, बावीस लिही." मी एकवीस पूर्णांक आठच लिहिलं. तेरावा पोशाख पँटचा होता. पट्टी खाली येता येता टेबलाच्या वीतभर वर थांबली आणि तशीच राहिली, तीन सेकंद, फार तर चार. "हिचं काय मोजायचं?" त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे बघून नाही. मी म्हटलं, "काही नाही. या मोसमापासून स्कर्टचा नियम नाहीये ना." "नियम नाही हे मला सांगतेस? मी स्वतः खोडलाय तो." मग त्यांनी पँटची घडी जरा जास्तच नीट केली आणि म्हणाल्या, "रेघ मार. तुझी धाकटी ना ही?" मी हो म्हटलं आणि रेघ मारली. पट्टी चौदाव्या पोशाखाकडे गेली.

रेघ मारायला सांगण्यात तसं काहीच वावगं नव्हतं. जिथे मोजायला काही नाही तिथे रेघच मारतात, प्रयोगशाळेच्या वहीत मीही तेच करत आले. तरी रिंकच्या मागच्या दाराने बाहेर पडून बसस्टॉपकडे चालताना मला बाईंचा प्रश्न आठवत होता, तुझी धाकटी ना ही. त्यांना ते माहीत होतं. धाकटी सहा वर्षांची असल्यापासून त्या तिला ओळखतात, तिच्या बुटाच्या लेस त्यांनी बांधल्यात. माहीत असलेली गोष्ट माणूस विचारतो तेव्हा त्याला दुसरंच काही सांगायचं असतं. काय सांगायचं असावं? नियम असा होता की मुलींनी स्कर्ट घालूनच स्पर्धेत उतरावं, नाहीतर एक गुण वजा. कित्येक वर्षं तो तसाच होता आणि कोणाला टोचतही नव्हता, आणि मोसमाच्या आधी संघटनेच्या नऊ सभासदांनी तो पाच विरुद्ध चार मतांनी काढून टाकला. मतदान गुप्त होतं. पण मुलींना मार्क देणारे सातही जज त्याच नऊ जणांतले. बसमध्ये खिडकीपाशी बसून मी बोटांवर मोजलं. विरोधातले चार, जज नसलेले दोन, म्हणजे अगदी उदार मनाने हिशोब केला तरी सातांपैकी किमान दोघांना धाकटी स्कर्टमध्येच हवी होती. कोणते दोघे ते कळायला मार्ग नव्हता. म्हणून मी सातही जणांवर संशय धरला. ते जास्त सोपं होतं.

खरं तर सगळ्यात आधी संशय घेतला होता तो धाकटीवरच. तीन आठवड्यांपूर्वी, आई मशीनवर बसलेली असताना ती म्हणाली, "मी या वेळी पँट घालणार." आईने पाय थांबवला नाही. "कसली?" "पँट गं. दोन पाय असतात तिला." "का पण?" "तुला स्कर्ट का शिवावासा वाटतो?" "मला कशाला वाटायचंय, लोक शिवायला देतात." "मग मी देत नाही." आईने दोरा दाताने तोडला आणि माझ्याकडे बघितलं. घरात कोणी विचित्र वागलं की आई माझ्याकडे बघते, जणू मी शिकले ते याचसाठी. मी धाकटीला गॅलरीत गाठलं. काही झालंय का, कोणी काही बोललं का, कोणी फोटो काढला का, असं एकापाठोपाठ विचारलं. आता लिहिताना जाणवतं की मी एकदाही 'तुला काय आवडतं' असं विचारलं नाही. ती सोळा वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा चार सेंटिमीटरने उंच. वाकून, तोंड माझ्या तोंडाजवळ आणून म्हणाली, "ताई, तू पोलिसात लागलीस का?" "नीट सांग ना." "पायांना थंडी वाजते. झालं? लिही तुझ्या वहीत." मी म्हटलं, "दहा वर्षं नाही वाजली ती?" तेव्हा तिचा चेहरा एकदम सपाट झाला. "कारण द्यायलाच लागणार असेल तर नियम गेला कुठे?" असं म्हणून ती आत गेली आणि तिने बाथरूमचं दार लावून घेतलं. ते वाक्य मला पटलं, आणि पटूनही मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. रिंकच्या कोपऱ्यात एक फोटोग्राफर बसतो, बुटक्या स्टुलावर. त्याच्या कॅमेऱ्याचं भिंग बर्फापासून किती उंचीवर असतं ते मी पुढच्या शनिवारी कठड्याच्या फळ्या मोजून काढलं, साधारण चाळीस सेंटिमीटर. मग तो जेवायला गेल्यावर त्याच्या स्टुलावर बसून बघितलं की तिथून काय दिसतं. त्याने भिंतीवर लावलेले दोन मोसमांचे फोटो तपासले, एकशे बारा. बहुतेक चेहरे. पडलेल्या मुली, हसणाऱ्या मुली, एक मुलगी शिंकताना. काहीच निघालं नाही आणि मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ते वाटलं नाही. मी फक्त तो संशय तिथून उचलला आणि दुसरीकडे ठेवला.

माझं काम रिंकच्या वरच्या मजल्यावरच्या रीप्लेच्या खोलीत. भौतिकशास्त्रात पदवी घेतल्यावर दुसरं काही मिळेपर्यंत म्हणून आले, त्याला चौदा महिने झाले. खोलीला एक मोठी काच आहे, तिच्यातून सगळा बर्फ दिसतो. दोन पडदे, एक खुर्ची, एक खटका. मुलगी उडी मारून खाली आली आणि उड्या तपासणाऱ्या पंचांना, ते मार्क देणाऱ्या जजांहून वेगळे, फिरकी पूर्ण झाली का याची शंका आली की टेबलावरचा तांबडा दिवा लागतो. मग आम्ही ती उडी हळू वेगाने पुन्हा लावायची आणि पाय बर्फाला टेकला त्या क्षणी खटका दाबून चित्र थांबवायचं. पंच थांबलेल्या चित्राकडेच बघतात, त्यांना पुढेमागे करायला वेळ नसतो, चाळीस सेकंदांत निकाल द्यायचा असतो. टेकताना मुलीची फिरकी पाव फेरीपेक्षा, म्हणजे नव्वद अंशांपेक्षा जास्त कमी असेल तर उडी अपुरी, गुण कापले. खोलीत आम्ही दोघं, मी आणि फ्रेमकाका. त्यांना सगळे फ्रेमकाका म्हणतात, त्यांच्या सुनेसकट. बावीस वर्षं ते त्या खुर्चीत बसतात आणि खुर्चीच्या फोमला त्यांचा आकार आलाय, माझ्या अंगाला तो कुठेच लागत नाही. नात्यातली मुलगी बर्फावर असेल तर खुर्ची सोडायची असा कडक नियम आहे. म्हणून निवड स्पर्धेच्या दिवशी धाकटीचं नाव पुकारलं तेव्हा मी उठले आणि काका बसले. सकाळीच ते म्हणाले होते, "तुझी बहीण आज मोटारसायकलवरून दौऱ्याला निघाल्यासारखी दिसतेय." मी हसले होते. आता मी त्यांच्या खांद्यामागे उभी राहून बर्फाकडे न बघता त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. धाकटी चांगली खेळली. तीन फिरक्यांची उडी घेतली, खाली आली, डगमगली नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तांबडा दिवा लागला. काकांनी चित्र लावलं, खटका दाबला. चाळीस सेकंद. उडी अपुरी. संघात सहा जणी जाणार होत्या, धाकटी सातवी आली, अडतीस शतांश गुणाने.

घरी कोणी रडलं नाही. आई एवढंच म्हणाली, "मी सांगितलं होतं. डोळ्यावर येतं लोकांच्या." धाकटीने बूट गॅलरीत वाळत ठेवले आणि ब्लेड कोरडी करत बसली, जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट. हरकत नोंदवायला शुक्रवारी दुपारी चारपर्यंत मुदत होती आणि त्या दिवशी रविवार होता. तिने हरकतीबद्दल एक शब्द काढला नाही. मी मात्र जजांच्या मागे लागले. धाकटीच्या मागच्या तीन स्पर्धांचे सादरीकरणाचे मार्क काढले, प्रत्येक जजचे वेगळे, आणि या वेळच्या मार्कांशी ताडून बघितले. ते दोन विरोधक कुठेतरी घसरलेले दिसतील अशी माझी खात्री होती. सरासरी फरक दोन शतांश निघाला, तोही तिच्या बाजूने. मी आकडेमोड पुन्हा केली. तेच उत्तर. कागद हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी होते आणि मला चक्क राग आला होता, सात माणसं प्रामाणिक निघाल्याचा राग. मग उरले काका. मोटारसायकलचा विनोद मला आता तितका हलका वाटेना. बावीस वर्षं सराव झालेल्या अंगठ्याला एक चित्र अलीकडे थांबणं काय अवघड आहे? आमचा कॅमेरा सेकंदाला पन्नास चित्रं घेतो, एका चित्रात मुलगी वीसेक अंश सहज फिरते. एक-दोन चित्रं अलीकडे, आणि पुरी झालेली उडी अपुरी. कोणाला कळणार?

सोमवारी सकाळी रिंकवर बर्फ गुळगुळीत करणारी गाडी फिरत होती तेव्हा मी एकटीने ती उडी काढली. चित्र एकेक करून पुढे नेलं. ब्लेड हवेत. ब्लेड हवेत. ब्लेडच्या टोकाखाली बर्फाचा बारीक धुरळा. काका नेमके तिथेच थांबले होते. आधी नाही, नंतर नाही. पडद्यावर कोनमापक ठेवून मी तिच्या कमरेचा कोन घेतला, पाच वेळा. एकशे चार अंश कमी. काकांनी एका चित्राचीही चूक केली नव्हती, आणि धाकटी खरंच कमी पडली होती. मी कोनमापक खणात टाकला. काकांना आता निर्दोष मानायला हवं हे मला कळत होतं, पण मनात कुठेतरी ते मागे रेटलं जात होतं, कारण ते निर्दोष असले तर कोणीच दोषी नव्हतं, आणि कोणीच दोषी नसताना मला आलेला सगळा संशय नुसता माझा होता. तेवढ्यात काका आले. माझ्या हातात आयता चहा देत म्हणाले, "काय गं, चोर पकडतेस?" "नाही, सहज." "सहज कोणी कोनमापक घेऊन बसत नाही. मीही बघितली ती उडी परत, दोनदा. पोरगी कमी पडली गं. मला वाईट वाटलं." त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. चहा मी अर्धाच प्यायले.

संध्याकाळी आईकडे एक ऑर्डर आली होती, जांभळा स्कर्ट. आईची तपासणीची एक रीत आहे. धडाचा पुतळा तिने फिरत्या स्टुलावर बसवलाय. स्कर्ट त्याला चढवायचा, स्टूल हाताने जोरात गरगरवायचं आणि एकदम पकडून थांबवायचं. मग घेर कसा बसतो ते बघायचं. लहानपणापासून ते बघत आल्यामुळे मी त्याच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. आईने स्टूल पकडलं. पुतळा थांबला आणि स्कर्ट थांबला नाही. कड तशीच आडवी, ताठ, हवेत, आणि मग जणू तिला उशिरा निरोप मिळाल्यासारखी खाली आली. मी म्हटलं, "पुन्हा कर." आईने पुन्हा केलं. "हा उशिरा बसतो." "उशिराच बसणार ना. कापड कधी अंगाबरोबर थांबतं का? त्यातून मी कडेत नायलॉनची दोरी घालते, म्हणजे आणखी क्षणभर तरंगतं. पोरगी टेकली तरी घेर वरच. बघणाऱ्याला वाटतं किती अलगद उतरली." आई अभिमानाने सांगत होती आणि माझ्या उजव्या अंगठ्यात मला हळूहळू कळ जाणवत होती, खरी कळ, सांध्यापासून नखापर्यंत. कारण खोलीतला माझा दुसरा दिवस मला आठवला होता. काका माझ्या शेजारी वाकून उभे, पडद्यावर कोणतीतरी मुलगी हवेत, आणि मी तीनदा चुकीच्या जागी खटका दाबलेला. "ब्लेड बघू नकोस," ते म्हणाले होते. "पांढऱ्यावर चकाकतं, फसवतं. कड बघ. कड पडायला लागली की समज पोरगी टेकली." चौथ्यांदा माझं बरोबर आलं. बरोबर म्हणजे काकांच्या हाताशी जुळलं. त्यानंतर चौदा महिने मी कड बघत होते आणि बघतेय हे विसरूनही गेले होते, जसं जिना उतरताना कोणी पायऱ्या मोजत नाही. धाकटीला कडच नव्हती. तिच्यापुरतं काकांना ब्लेड बघावं लागलं. एकोणीस जणींमध्ये एकटीची उडी नीट मोजली गेली, आणि मी तिच्याच मोजणीत खोट शोधत होते. बाकीच्या अठरा उड्यांपैकी दहांच्या वेळी खुर्चीत मी होते.

मंगळवारी मी इतर उड्या उघडल्या. पहिली माझी: ब्लेड टेकल्यानंतर तीन चित्रं उशिरा. दुसरी काकांची: दोन. तिसरी माझी: दोन. चौथी संघात गेलेल्या मुलीची होती, आणि ती उघडताना माझं मन कोनमापकाच्या आधीच नव्वदच्या पलीकडे जाऊन बसलं होतं. पाचवीनंतर मी पडदा बंद केला. मला आकडे नको होते असं नाही. मला ते फार हवे होते, म्हणून मी घेतलेले आकडे कोणाच्या उपयोगाचे नव्हते. हे सगळं मी सेक्रेटरीबाईंच्या ऑफिसात जाऊन सांगितलं, उभ्यानेच. त्यांनी चष्मा काढला. "बहीण सातवी आली आणि आता तुला कड दिसली?" "हो." "आधी नाही दिसली?" "आधी तीच बघत होते." त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. मग म्हणाल्या, "मला तू त्या चारांमधली धरतेस ना? सगळीकडे विचारत फिरतेस म्हणे." मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात नियम तुम्ही खोडला." "माझं अक्षर बरं आहे म्हणून खोडायला माझ्याकडे दिला. मत कुठे दिलं ते मी आमच्या ह्यांनाही सांगितलेलं नाही." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "हे बघ, तुझा हात मी मोजायला घेणार नाही. तुला काय हवंय ते तुझ्या अंगठ्याला माहीत झालंय." "मग काकांचा मोजा," मी म्हणाले. "त्यांना न सांगता." बोलून गेल्यावर मला माझाच आवाज परका वाटला. बाईंनीही माझ्याकडे तसंच बघितलं. "बावीस वर्षं बसलाय तो तिथे. तुला शिकवलं त्याने." "म्हणूनच तर." "बरं. कड दिसताना आणि झाकल्यावर यात एका चित्राहून जास्त फरक निघाला, तर एकोणीसच्या एकोणीस उड्या ब्लेडवरून पुन्हा बघायच्या, संघ नव्याने. नाही निघाला, तर तू ती खोली सोडायची. आपल्याच माणसांवर पाळत ठेवणारी पोरगी मला वर नको. कबूल?" मी कबूल म्हटलं.

धाकटीला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि बुधवारी रिंकच्या रबरी चटईवर बसून तिने बुटाच्या लेस सोडवल्या तेव्हा सांगून टाकलं. सगळं नाही सांगता आलं. आधी तिने विचारलं, "मी खरंच कमी पडले?" "हो." "किती?" "एकशे चार." तिने मनात वजाबाकी केली. "चौदा अंश." तिचे मोजे ओले होते आणि पायाची बोटं लालभडक. "स्कर्ट असता तर?" मी म्हटलं, "तर काका दोन चित्रं उशिरा थांबले असते. तेवढ्यात तू चाळीसेक अंश फिरली असतीस." "म्हणजे गेले असते मी." "बहुतेक." ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही. "आणि आता संघातल्या मुलींना खाली ओढून मी वर जाऊ? त्यातल्या दोघींबरोबर मी रोज डबा खाते." "तू काही करत नाहीयेस. मी करतेय." "तू कायम कोणावर तरी डोळा ठेवून असतेस ताई. आधी माझ्यावर ठेवलास. मग फोटोवाल्या दादांवर, तुला काय वाटलं, आम्हाला कळलं नाही? ते बिचारे आता स्टूल उंच घेऊन बसतात." चटईवर तिच्या बुटांतून गळलेलं पाणी हळूहळू माझ्याकडे येत होतं. आम्ही दोघी ते बघत बसलो. "वर गेले नाही गेले तरी पुढच्या वेळी मी पँटच घालणार," ती म्हणाली. "ती चौदा अंशांची भानगड मी बघते. तू तुझं बटण नीट कर." मग उठून, अनवाणीच, टाचांवर चालत ती कपडे बदलायच्या खोलीकडे गेली. मागून तिच्या चालीत मला आई दिसली आणि मला पहिल्यांदाच वाटलं की हिला खरोखरच थंडी वाजत असेल, इतकी वर्षं, आणि सांगायची सोय नसेल.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता काका खुर्चीत बसले. त्यांना सांगितलं होतं की नवा पडदा आलाय, तो तपासायचा. खोटं मी बोलले, बाई दारात नुसत्या उभ्या होत्या. मागच्या दोन मोसमांतल्या तीस उड्या घेतल्या होत्या, सगळ्या स्कर्टमधल्या, या स्पर्धेतली एकही नाही. प्रत्येक उडी दोनदा, एकदा जशीच्या तशी आणि एकदा मुलीच्या कमरेपासून गुडघ्यापर्यंत करडी पट्टी टाकून. क्रम बाईंनी लावला. पाय नेमका कोणत्या चित्रात टेकला हे दोन पंचांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकेक चित्र बघून ठरवलं होतं. दोन उड्यांवर त्यांचं जमलं नाही, त्या काढल्या. उरल्या अठ्ठावीस. काकांनी हातावर हात चोळले, अंगठा खटक्यावर ठेवला आणि पहिली पट्टीवाली उडी बघून म्हणाले, "ही काय सेन्सॉर बोर्डाची फिल्म का?" मी हसले, माझ्या अपेक्षेपेक्षा मोठ्याने. त्यांच्या मानेवरची पांढरी लव मला दिसत होती. अंगठा खाली जायचा, खटक्याचा बारीक आवाज यायचा, पुढची उडी. विसाव्या-बाविसाव्या उडीला ते एकदम थांबले. त्यांना कळलं असं मला वाटलं. घाम आला मला, त्या गारठ्यात. पण ते चष्मा सारखा करत होते. "पट्टीवाल्यांत मजा नाही," ते म्हणाले. "ब्लेडकडे बघावं लागतं. डोळे दुखतात." मी म्हटलं, "काका, जरा थांबायचं का?" हे मी त्यांच्यासाठी म्हणाले की त्यांना काही सुचावं म्हणून म्हणाले ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग मागे दारातल्या बाईंकडे. "पडदा चांगला आहे गं," ते शांतपणे म्हणाले. "तुम्हाला काय बघायचंय ते नीट बघून घ्या. लाव पुढची." आणि त्यांनी उरलेल्या उड्या त्याच वेगाने, एकही विनोद न करता संपवल्या. मग उठले, खुर्ची आत सारली आणि आपला कप धुवायला गेले.

बाईंनी आकडे दोनदा तपासले आणि कागद माझ्याकडे दिला. कड दिसत असलेल्या अठ्ठावीस उड्यांत काकांचा अंगठा ब्लेड टेकल्यानंतर सरासरी दोन पूर्णांक तीन चित्रं उशिरा पडला. कड झाकलेल्या त्याच अठ्ठावीस उड्यांत शून्य पूर्णांक चार. फरक एक पूर्णांक नऊ, म्हणजे एकोणीसच्या एकोणीस उड्या पुन्हा बघायच्या.